उचल, पंचनामा, ओटीपी : अडचणीच्या दिवसांत अक्षरवर्ग कसा चालवायचा? (खान्देश)

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी.

शहादा तालुक्यातल्या आमच्या गावात मी बायकांचा रात्रीचा अक्षरवर्ग घेते. 'उल्लास', म्हणजे केंद्राच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं आहे. योजना २०२२ ते २०२७ अशी आहे, पंधरा वर्षांवरच्या कुणालाही शिकता येतं आणि शिकवणाऱ्याला मानधन नसतं. बारावी झालेल्या गावातल्याच दोन-तीन मुली मदतीला असतात. अंगणवाडीच्या ओट्यावर वर्ग भरतो.

धागा काढायचं कारण असं, की गावावर अडचण आली की पहिला बंद पडतो तो हा वर्ग. अवकाळीनं कापूस भिजला, घरात कुणी आजारी पडलं, नवऱ्याचं काम सुटलं, की बाया यायच्या थांबतात. कुणी नाव ठेवावं असं त्यात काही नाही. पण नेमक्या त्याच दिवसांत त्यांच्या हातात सगळ्यात जास्त कागद येतात. पंचनाम्याचा अर्ज, दवाखान्याची चिठ्ठी, बँकेची स्लिप, मुकादमाची वही, मोबाइलवरचा मेसेज. एरवी वर्षभर ज्या बाईला काही वाचायची गरज पडत नाही, तिच्यापुढे आठवडाभरात चार कागद येतात आणि चारही ठिकाणी अंगठा मागतात.

आमच्या भागात अंगठ्याचा इतिहास फार वाईट आहे. न वाचलेल्या कागदांवर अंगठे उठले आणि आदिवासींच्या जमिनी गेल्या. आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या पुढाकारानं १९७२ च्या सुमारास शहादा-तळोद्यात जे आंदोलन उभं राहिलं, त्याच्या मुळाशी याच जमिनी होत्या. इतकी वर्षं गेली तरी २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४.३८ टक्के होती, राज्याची ८२.३४. राज्यात सगळ्यात खाली आम्हीच.

म्हणून मी आता उलटी सुरुवात करते. पुस्तिका बाजूला, बाईच्या हातात जो कागद आहे तो पुढ्यात. आमच्याकडून दिवाळीनंतर टोळ्या बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात. जायच्या आधी मुकादम उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, देतो आणि वहीत लिहितो. मी शंभर पानी वहीवर चार रकाने आखून दिले : तारीख, रक्कम, कशासाठी, कुणी दिली. महिनाभर फक्त एवढंच शिकवलं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, मुकादमाचं नाव, आणि आकडे. टोळी निघायच्या आदल्या रात्री एका बाईनं मुकादमाची वही मागून घेतली, एकेका ओळीखाली बोट ठेवत खाली आली आणि धान्याच्या ओळीवर थांबली. "हाई दोनदा कसाले लिखेल शे?" एवढंच विचारलं तिनं. मुकादमानं वही पाहिली आणि एक ओळ खोडली. भांडण नाही, आवाज नाही.

माझा प्रश्न असा. संकटाच्या काळात स्वयंसेवकानं अर्ज भरून द्यावा की शिकवत बसावं? दोन्हीला वेळ पुरत नाही. तुमच्या गावात काय करता ते सविस्तर लिहा.

रावेरकर

ताई, सरळ सांगतो, अर्ज भरून द्यावा.

आमच्याकडे केळी आहे. मे-जूनमध्ये वादळ आलं की एका रात्रीत उभा बाग आडवा. पीकविम्याला नुकसान कळवायची मुदत ७२ तास. त्यात मोबाइलवर फोटो, गट नंबर, पेरा, बँक खातं, सगळं भरायचं. सकाळी माणूस बांधावर डोक्याला हात लावून बसलेला असतो, त्याला कोण क-ख-ग शिकवणार? आम्ही गावातली पाच-सात पोरं मोटारसायकल काढतो आणि शेता-शेतात जाऊन अर्ज भरतो. माझ्या मते हीसुद्धा साक्षरतेचीच सेवा आहे.

एक काम मात्र आम्ही करतो. भरलेला अर्ज मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि ज्याचा अर्ज त्याच्याकडूनच गट नंबर टाइप करून घेतो. गट नंबर शेतकऱ्याला तोंडपाठ असतो. तेवढे आकडे तो स्वतः दाबतो. बाकी आम्ही.

तितूरकाठ

मी चाळीसगावची. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हाचं लिहिते, कारण या धाग्याचा विषय मला तिथं पहिल्यांदा नीट दिसला.

पाणी ओसरल्यावर आम्ही काही जणी नदीकाठच्या वस्तीत चिखल उपसायला गेलो होतो. भांडी, गोधड्या बाहेर काढून झाल्या. मग एक मावशी आतून पत्र्याची पेटी घेऊन आल्या. आत सगळे कागद चिकटून एक गठ्ठा झालेला. तो हलक्या हातानं सोडवून आम्ही दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक कागद वाळत घातला. मावशींना विचारलं, यातला आधी कुठला सांभाळायचा? त्यांनी केशरी रेशनकार्ड लगेच ओळखलं, रंगावरून. बाकी कागदांपुढे त्या नुसत्या उभ्या राहिल्या. त्या दोरीवर घराचा उतारा होता, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता, एका पतसंस्थेची ठेव पावती होती आणि दोन जुनी लाइट बिलं होती. त्यांच्या दृष्टीनं सगळे सारखेच. घाईत बिलं जपली गेली असती आणि ठेव पावती टाकली गेली असती.

त्या दिवसानंतर आम्ही घरोघर 'कागद ओळख' केली. घरातले सगळे कागद जमिनीवर मांडायचे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात नाव लिहायचं : घर, शेत, बँक, जन्म, शाळा. ते नाव घरातल्या बाईकडूनच गिरवून घ्यायचं. मग सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी उंचावर. एका घराला तासभर लागतो. अक्षरं जेमतेम पाच-सहा शब्दांची होतात, पण ते शब्द ती बाई विसरत नाही, कारण तिनं ते स्वतःच्या कागदावर लिहिलेले असतात.

पंचनाम्याबद्दलही एक सांगते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येऊन नुकसानाचा टक्का लिहितात. शेतीपिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच सरकारी मदत मिळते. म्हणजे त्या एका रकान्यातला आकडा ३० आहे की ३५, यावर सगळं ठरतं. सही किंवा अंगठा करायच्या आधी एवढा आकडा तरी स्वतः वाचता आला पाहिजे. आम्ही पंचनाम्याच्या आदल्या संध्याकाळी चौकात फळा ठेवून फक्त टक्क्याचं चिन्ह आणि दोन अंकी संख्या शिकवल्या होत्या. गर्दी झाली होती. एरवी वर्गाला न येणारी पुरुष मंडळीसुद्धा मागे उभी होती.

निवृत्त_गुरुजी

सर्वांचे अनुभव मनापासून वाचले. तुम्ही मंडळी जे करता आहात त्याबद्दल आदर आहे. तरी एक चिंता मांडतो.

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत संपूर्ण साक्षरता मोहीम आली. मी तेव्हा धुळे जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो. नंदुरबार त्या वेळी वेगळा नव्हता, तो जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. वाचन-पुस्तिका तीन भागांत असायच्या, सुमारे २०० तासांचा अभ्यास धरलेला असायचा आणि भर १५ ते ३५ वयोगटावर होता. कंदील लावून वर्ग चालले, प्रभातफेऱ्या निघाल्या, लोक खरोखर शिकले. पण पहिली पुस्तिका संपली की गाव उत्साहात 'साक्षर' जाहीर व्हायचे आणि पुढचे वाचन हाती पडायचे नाही. दोन-तीन वर्षांत बऱ्याच जणांची अक्षरे पुन्हा पुसली. मी स्वतः ज्यांना शिकवले त्यांना पुढे अंगठा करताना पाहिले आहे.

तेव्हा मला भीती वाटते ती अर्धवट शिकण्याची. मुकादमाच्या वहीतून नावे आणि आकडे येतील. पण सरकारी कागद उघडून पाहा. क्षेत्र, प्रतिज्ञापत्र, नुकसानग्रस्त, हस्तांतरण, अर्जदाराची स्वाक्षरी. पावलापावलाला जोडाक्षर. ते क्रमाने शिकवल्याशिवाय येत नाही. संकटातला वर्ग हा दरवाजा असावा, एवढ्यावरच घर बांधून झाले असे कुणी समजू नये.

क्रमाबद्दलही लिहितो, नव्या स्वयंसेवकांना उपयोग होईल. बाराखडी वरून खाली पाठ करून घेऊ नका. मोठ्या माणसाला त्याचा कंटाळा येतो आणि अपमानही वाटतो. त्याच्या नावातली अक्षरे आधी घ्या. दिसायला सारखी अक्षरे एकाच आठवड्यात आणू नका : घ आणि ध, भ आणि म, ब आणि व. एक पक्के झाल्यावर दुसरे. काना आणि वेलांटी लवकर द्या, त्याने पुष्कळ शब्द सुटतात. रफार आणि 'क्ष', 'ज्ञ' शेवटी.

सातपुडा_पायथा

गुरुजी, तुमचं म्हणणं पटलं. घ-ध चं तर मी उद्यापासूनच पाळते.

पण २०० तास कुठून आणायचे? आमच्याकडे ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणी. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला. पावसाळ्यात निंदणी, रात्री लाइट नाही. सलग मिळतात ते होळीनंतरचे ते पेरणीपर्यंतचे दिवस, तेही लग्नसराई सोडून. म्हणून संकट आलं की वर्ग थांबवायचा, हे आम्हाला परवडतच नाही. आमच्याकडे वर्षाचा बराचसा काळ कुणाच्या ना कुणाच्या घरी अडचणच असते. वर्ग अडचणीतही चालेल असाच मांडावा लागतो.

रावेरकर दादा, गट नंबर स्वतः दाबायला लावायचं फार आवडलं.

तळोद्याची_आशा

मी आशा सेविका आहे. लिहायची फार सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

कोरोनात आम्ही 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मध्ये घरोघर फिरलो, सप्टेंबर २०२० मध्ये ते सुरू झालं. तापमान घ्यायचं आणि बोटाला ऑक्सिमीटर लावायचं. ९५ च्या खाली आलं तर दवाखान्यात पाठवायचं. नंतर काही घरांत लोकांनी स्वतःचं ऑक्सिमीटर घेतलं, कुणी शेजाऱ्याचं आणलं. मग फोन यायचे, ताई किती आलं ते कळत नाही.

एका घरी सून म्हणाली ९८ आहे, चांगलं आहे. मी गेले तर सासऱ्यांना धाप लागलेली. बोट माझ्याकडे करून पाहिलं तर ८६. मशीनवर इंग्रजी आकडे असतात आणि इंग्रजीतला ८६ उलट्या बाजूनं पाहिला की ९८ दिसतो. ती समोर उभी राहून पाहत होती. सासऱ्यांना लगेच जिल्ह्याला हलवलं, ते बरे होऊन आले.

तेव्हापासून मी माझ्या भेटीत पाच मिनिटं आकड्यांना देते. इंग्रजी आकडेच. भिंतीवर कोळशानं लिहायचे, सरळ कसे धरायचे, कुठून सुरू करायचं. मोबाइलवर इंग्रजी, औषधाच्या पट्टीवरची तारीख इंग्रजी, बसचा पास इंग्रजी. मुलांच्या पहिलीच्या पुस्तकात मराठी आकडे. दोन्ही बरोबर शिकवले तर गोंधळ होत नाही, उलट एकमेकांना धरून लक्षात राहतात. सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) कार्डं असतात आमच्या भागात, त्यावरची तारीख आणि नाव आईला वाचता आलं की ती पुढच्या तपासणीला बरोबर येते.

अर्ज भरून द्यावा की शिकवावं, तर मी म्हणते जीवाचं असेल तर आधी भरून द्या. मग दुसऱ्या दिवशी जाऊन तोच कागद शिकवा.

मूक_वाचक

आशाताई, फार छान लिहिलंत. ऑक्सिमीटरची गोष्ट माझ्या आईला वाचून दाखवली. असेच लिहीत राहा.

धडगावकर

धडगावहून लिहितो आहे. आमची बोली पावरी. घरात कुणी मराठी बोलत नाही, मराठी बाजारात आणि कचेरीत. वर शहाद्याच्या, चाळीसगावच्या ताईंनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे, पण आमच्याकडे एक पायरी जास्त आहे. माझ्या मावशीला 'कमळ' वाचायला शिकवलं तर तिला दोन गोष्टी नव्या : अक्षरही आणि शब्दही. म्हणून आम्ही देवनागरी अक्षरात पावरी लिहायला सुरुवात केली. माणसांची नावं, पाड्यांची नावं, बियाण्यांची नावं. वाचलेला शब्द कानाला ओळखीचा लागला की चेहरा बदलतो माणसाचा. मराठी नंतर आपोआप येते, कारण अक्षरं तीच. नर्मदाकाठी नर्मदा बचाव आंदोलनानं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून जीवनशाळा चालवल्या, तिथंही मुलांची बोली वर्गात आणली म्हणूनच पोरं टिकली, असं तिथं शिकलेले माझे मित्र सांगतात. आज सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तिकडच्या काही पाड्यांवर बोटीनंच जावं लागतं. तिथं स्वयंसेवक बाहेरून पाठवायचा विचारच करू नये. पाड्यातलाच हवा, आठवी-नववी झालेला असला तरी चालेल.

दुसरं, परीक्षेबद्दल. 'उल्लास'ची पायाभूत साक्षरता चाचणी १५० गुणांची असते, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. तिची सोय चांगली आहे, सकाळी १० ते ५ मध्ये आपल्या सवडीनं येऊन तीन तास लिहायचं. पण तारीख पाहा. २०२४ ला ती १७ मार्चला झाली आणि होळी होती २४ ला. आमची माणसं कुठंही असली तरी भोंगऱ्याला (होळीआधीच्या बाजाराला) आणि होळीला येतातच. म्हणजे परीक्षेच्या दिवशी पाडे रिकामे आणि आठवड्यानं भरलेले. २०२५ ला २३ मार्च, होळी १३ ला होऊन बरेचसे लोक परत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेले. ज्यांच्यासाठी योजना आहे तेच त्या दिवशी गावात नसतात. कारखाने बंद झाल्यावर, मेच्या मध्यावर ठेवली तर सातपुड्यातून नक्की दुप्पट माणसं बसतील. आम्ही ग्रामसभेचा ठराव करून वर पाठवणार आहोत, बाकी गावांनीही करावा.

वनहक्काच्या दाव्यांचंही लिहायचं होतं. २००६ चा कायदा आला तेव्हा दावा कुणी भरला, नकाशा कुणी काढला, पुरावे कुणी लावले, हे आमच्याकडे ठरावीक चार लिहित्या माणसांवर होतं. त्या चारांपैकी एक जरी गावात नसला की काम अडायचं. आता ग्रामसभेचं इतिवृत्त बायका आळीपाळीनं लिहितात. चुका होतात, होऊ देत.

पुण्यातला_खान्देशी

मूळ गाव पारोळा, नोकरीनिमित्त पुण्यात. वाचून राहवलं नाही. आमच्या सोसायटीत पुष्कळ जुनी पुस्तकं जमली आहेत, गोष्टींची, अभ्यासाची. टेम्पो करून पाठवू का? कुठं पाठवायची?

वाचनालयवाली

दादा, भावना पोचली. पण टेम्पो भरायच्या आधी ऐका. मी अमळनेरकडची, गावातल्या 'ड' वर्गाच्या छोट्या वाचनालयात काम करते.

शहरातून येणाऱ्या पुस्तकांत निम्मी जुनी गाइडं आणि इंग्रजी असतात. नवसाक्षर बाईला त्यातलं एकही चालत नाही. तिला हवं मोठ्या टायपाचं, एका पानावर पाच-सहा ओळींचं, मोठ्या माणसाच्या जगण्यातलं. बालवाडीची चित्रं पाहिली की ती पुस्तक मिटते. अशी पुस्तकं मिळाली तर पाठवा. नाही मिळाली तर काळे जाड स्केचपेन, पांढरे तक्ते आणि एकेरी वह्या पाठवा, आम्ही लिहून घेऊ. आमच्याकडे बायका स्वतः सांगतात आणि मुली मोठ्या अक्षरात उतरवतात : कळण्याची भाकरी, पापडाचं पीठ, कुणाच्या लग्नात काय झालं. खाली सांगणाऱ्या बाईचं नाव. ती वही वाचनालयात इतर पुस्तकांसारखीच नोंदवून ठेवली आहे आणि घरी न्यायला मिळते. सगळ्यात जास्त हात त्याच वह्यांना लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चष्मे पाठवा! हे कुणीच लिहिलं नाही म्हणून मुद्दाम लिहिते. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं. वर्गाला येणाऱ्या निम्म्या बाया पंचेचाळीस-पन्नासच्या. त्या म्हणतात, "मना डोकामा काही जास नही". डोकं उत्तम असतं, अक्षर दिसत नसतं. आम्ही आधी सुईत दोरा ओवायला देतो. ओवता आला नाही की दीड किंवा दोन नंबरचा जवळचा चष्मा लावून पुन्हा देतो. साधा तयार चष्मा स्वस्तात मिळतो. ज्यांना त्यानंही दिसत नाही त्यांना नेत्र शिबिराला नेतो, मोतीबिंदू निघतो पुष्कळदा. एका आजींनी चष्मा लावल्यावर आधी अक्षरांकडे पाहिलंच नाही, स्वतःच्या हातावरचं गोंदण पाहत बसल्या. तिथं त्यांचं नाव गोंदलेलं होतं. लहानपणी जत्रेत कुणीतरी गोंदलं होतं. पाटीवर त्यांनी पहिलं तेच उतरवलं.

लॉकडाउनमध्ये वाचनालयं बंद होती तेव्हा आम्ही पिशवीतून घरपोच वह्या देत होतो. परत आलेली वही दोन-तीन दिवस उन्हात आणि मग दुसऱ्या घरी. तेव्हा लक्षात आलं की घरात बसलेल्या शाळेतल्या मुली आपल्या आज्यांना वाचून दाखवतात आणि आज्या पुढच्या वेळी 'तीच वही दे' म्हणून मागतात.

पुण्यातला_खान्देशी

धन्यवाद ताई. टेम्पो रद्द. चष्मे आणि तक्ते यांची यादी करतो. आमच्याकडे एक नेत्रतज्ज्ञ आहेत, त्यांनाही विचारतो.

रावेरकर

धागा वाचून मलाही विचार करावा लागला. गुरुजींचं आणि आशाताईंचं धरून आम्ही यंदा एक करणार आहोत. वादळानंतरचे तीन दिवस अर्ज भरायचे, तो वेळ शिकवण्याचा नाहीच. पण विम्याचा मेसेज यायला पुढे बरेच दिवस जातात. त्या मधल्या काळात ज्यांचे अर्ज भरले त्यांना पारावर बोलवायचं आणि त्यांचाच अर्ज, त्यांचाच मोबाइल घेऊन बसायचं.

कारण खरी लूट त्या मेसेजच्या वेळी होते. पैसे जमा होणार अशी बातमी पसरली की फोन सुरू. "बँकेतून बोलतो, ओटीपी सांगा." माणूस ज्याला वाचता येतं त्याच्या हातात मोबाइल देतो, तो मोठ्यानं आकडे वाचतो आणि खातं रिकामं. लाडकी बहीण योजना २०२४ ला सुरू झाली तेव्हा गावातल्या बायांच्या बाबतीतही हेच भय होतं. आमच्या पोरांनी तेव्हा चावडीवर मोठा तक्ता लावला : मेसेजमध्ये 'जमा' दिसलं तर काय, 'नावे' (म्हणजे खात्यातून पैसे गेले) दिसलं तर काय, आणि सहा आकडे आले तर कुणालाही सांगायचे नाहीत, मलाही नाही. मेसेज इंग्रजीत येतो, म्हणून 'क्रेडिट' आणि 'डेबिट' ची पहिली दोन-दोन अक्षरं ओळखायला शिकवली. एवढ्यावर पुष्कळ बचाव होतो.

तितूरकाठ

हे पारावरचं फार चांगलं. सन २०२० ची आठवण झाली. एप्रिल ते जून बायांच्या जनधन खात्यात महिन्याला ५०० रुपये आले होते. बँकेपुढे चुन्याच्या गोलात बाया उन्हात उभ्या, आणि ५०० काढायची स्लिप भरून द्यायला काही जण दहा-वीस रुपये घेत होते. तेव्हा आम्ही झाडाखाली स्लिपचा मोठा नमुना टांगला आणि ओळीत उभ्या असतानाच ओळीतल्या बायांकडून भरून घेतली. वाट पाहायचा वेळ नाहीतरी होताच.

निवृत्त_गुरुजी

माझा आक्षेप आता पुष्कळ सौम्य झाला आहे. एकच विचारतो. ऊसतोडीला गेलेल्या बायकांचे काय करता? चार-पाच महिने पाटीला हात लागला नाही तर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

सातपुडा_पायथा

गुरुजी, त्याचाच प्रयत्न चालू आहे. टोळीबरोबर लहान भावंडं सांभाळायला सातवी-आठवीच्या मुली जातात. त्या जाऊ नयेत, गावातच राहून शिकाव्यात, हाच आमचा पहिला आग्रह असतो, आणि हंगामी वसतिगृहात काही राहतातही. पण टोळीत कुणी ना कुणी थोडं शिकलेलं असतंच, बहुतेक वेळा तरुण सून. तिला आम्ही टोळीची 'वहीवाली' नेमतो. पड्यावर (तिथल्या मुक्कामावर) रोज रात्री टोळीचा हिशोब ती एकटी लिहीत नाही. प्रत्येक कोयत्याची (ऊस तोडणाऱ्या जोडीतली) बाई आपली ओळ आपण लिहिते : आज किती मोळ्या, किती टन, गाडी कुठली. वहीवाली फक्त तपासते. रविवारी ती पानाचा फोटो मला पाठवते आणि मी आवाजाचा मेसेज करून प्रत्येकीला नावानं सांगते, तुझा चार उलटा झाला, तुझं 'ळ' सुरेख आलं.

यात एक अडचण नवी कळली, ती इथं सांगून ठेवते. तिकडच्या काही चिठ्ठ्या गुजरातीत असतात आणि गुजराती पाच हा आपल्या 'प' सारखा दिसतो. नवीन शिकलेली बाई तिथं अडते. म्हणून जायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही गुजराती आकड्यांचा एक तक्ता करून देतो, आपले आकडे, इंग्रजी आकडे आणि गुजराती आकडे, तिन्ही शेजारी-शेजारी. वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवतो.

धडगावकर दादा, ठरावाचा मसुदा इथंच टाकाल का? आमच्या ग्रामसभेत पुढच्या वेळी मांडते. वाचनालयवाली ताई, सुई-दोऱ्याची तपासणी आम्ही या आठवड्यातच सुरू करतो, दीड आणि दोन सोडून आणखी कुठले नंबर ठेवावे लागतात?

वाचनालयवाली

एक आणि अडीचही ठेवा. पन्नाशीच्या पुढच्यांना अडीच लागतो. आणि दोरी लावून गळ्यात अडकवायला द्या, शेतात हरवतात.

धडगावकर

मसुदा टाइप करतोय, रात्री टाकतो. इकडे रेंज रात्रीच येते.